दुसऱ्यासाठी ठरलेला वेग

डिसेंबर १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी एक जहाज विकत घेतलं. ग्वाल्हेरपासून समुद्र शेकडो मैल लांब. संस्थानाला ना बंदर, ना गोदी, ना आरमार. पण पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं, हिंदी फौजा फ्रान्सच्या आघाडीवर पोचल्या होत्या आणि जखमींसाठी रुग्णालय-जहाज हवं होतं. या कामात इतर काही संस्थानिकांनीही वाटा उचलला. जानेवारी १९१५ मध्ये जहाजाला ‘लॉयल्टी’ असं नाव देण्यात आलं आणि युद्धभर ते जखमी आणि आजारी हिंदी सैनिकांची ने-आण करत राहिलं.

जहाज नवं नव्हतं. ऑगस्ट १८९० मध्ये इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसच्या गोदीतून ते पाण्यात उतरलं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. मालक कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे. सुमारे ४५६ फूट लांबी, जवळजवळ सहा हजार ग्रॉस टन आकारमान, दोन पंखे (प्रोपेलर) आणि सोळा नॉट वेग. व्हँकुव्हरहून निघून योकोहामा, शांघाय, हाँगकाँग असा प्रशांत महासागर ओलांडत टपाल आणि श्रीमंत प्रवासी पोचवायचे, हे त्याचं काम. सोळा नॉट हा आकडा टपालाच्या कराराने ठरवला होता. पत्रं अमुक दिवसांत पोचली पाहिजेत, त्यासाठी सरकारी अनुदान मिळत होतं, आणि त्या अनुदानातून कोळशाचा खर्च निघत होता. बॉयलर, इंजिनं, पंखे, कोळशाच्या कोठ्या, भट्टीवर राबणाऱ्या माणसांची संख्या, सगळं त्या एका आकड्याभोवती आखलेलं.

युद्ध संपलं. २७ मार्च १९१९ रोजी मुंबईत एक कंपनी नोंदवली गेली. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास ही तिच्यामागची माणसं. त्यांनी ग्वाल्हेर दरबाराकडून ‘लॉयल्टी’ घेतली आणि कंपनीला नावही ग्वाल्हेरच्याच घराण्याचं दिलं: सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. हिंदी मालकीच्या कंपनीने ब्रिटिशांच्या समुद्री मक्तेदारीला दिलेलं ते पहिलं मोठं आव्हान होतं. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासाच्या स्मरणार्थ.

सागरी दिनाच्या भाषणांत पुढचा भाग सहसा येत नाही. १९२१ मध्ये ‘लॉयल्टी’ मुंबईत बांधून ठेवली गेली आणि १९२३ मध्ये मोडीत निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी दरयुद्ध पुकारलं होतं, प्रवासी वाहतुकीची दारं बंद होत होती, आणि त्याच १९२३ मध्ये सिंदियाला किनारी मालवाहतुकीपुरतं बांधून टाकणारा करार करावा लागला. या राजकीय कारणांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते खरंच आहे. पण जहाज बांधणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. टपालाच्या घाईसाठी बांधलेलं जहाज रुग्णालय झालं, मग ते हिंदी व्यापाराच्या पायाभरणीचं साधन झालं. काम दोनदा बदललं. इंजिनघर मात्र तेच राहिलं, अनुदानाच्या जोरावर सोळा नॉट धावण्यासाठी बांधलेलं.

हा लेख ‘लॉयल्टी’चा इतिहास सांगण्यासाठी नाही. ज्या प्रश्नाने मला या जहाजाकडे नेलं तो आज मिरकरवाड्याच्या जेटीवर, हर्णैच्या किनाऱ्यावर, ससून डॉकमध्ये रोज उभा असतो: डिझेल इंजिनाची नौका तासन्‌तास कोणत्या वेगाने चालवावी, म्हणजे इंजिन टिकेल, डिझेल परवडेल आणि माणसं घरी येतील? या प्रश्नाचं उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. इंजिनाचा वेग आणि ताकद कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी ठरवलेली असते, आणि आपण ती आपल्या कामासाठी जशीच्या तशी मान्य करतो.

गणित कुणालाही कळेल इतकं सोपं आहे. पाण्यातून नौका ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट लागते. उलट बाजूने पाहा. पंख्याचे फेरे कमाल फेऱ्यांच्या ९० टक्क्यांवर आणले तर ७३ टक्के ताकद पुरते. ८० टक्क्यांवर आणले तर जेमतेम ५१ टक्के. ‘लॉयल्टी’सारखं जहाज सोळाऐवजी बारा नॉटने चाललं, तर याच हिशेबाने प्रत्येक तासाला सोळा नॉटच्या ४२ टक्के ताकद लागेल आणि प्रत्येक मैलामागे ५६ टक्के कोळसा. शेवटच्या चार नॉटची किंमत जवळजवळ सगळ्या कोळशाच्या निम्मी.

आपल्याकडच्या मच्छिमार नौकांना आणखी एक बंधन असतं. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेच्या नाळेपाशी एक लाट उठते, मागे दुसरी. वेग वाढतो तशी या दोन लाटांमधली लांबी वाढते आणि एका टप्प्यावर नौका आपल्याच लाटेच्या उतारात बसते. तिथून पुढे इंजिन कितीही ओरडलं तरी वेग हलत नाही, फक्त मागे पाणी घुसळलं जातं. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने लहान प्रतिकृती पाण्याच्या टाकीतून ओढून या लाटांचा अभ्यास केला. त्यातून आलेला ढोबळ नियम असा: पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. छत्तीस फुटांच्या नौकेला आठ नॉट. एकोणपन्नास फुटांच्या ट्रॉलरला सव्वानऊच्या थोडं वर. इंजिन दुप्पट ताकदीचं बसवलं तरी हे आकडे फारसे बदलत नाहीत. म्हणून ‘मोठं इंजिन घेतलं की लवकर पोचू’ ही समजूत अशा नौकेपुरती खोटी आहे, आणि ती महागात पडते.

साधा हिशेब करू. शंभर अश्वशक्तीचं डिझेल इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे एकोणीस लिटर डिझेल पितं. समजा, पूर्ण ताकदीवर नौका आठ नॉटने जाते आणि मासेमारीची जागा चाळीस सागरी मैलांवर आहे. पाच तास, पंचाण्णव लिटर. आता फेरे ८० टक्क्यांवर आणले. ताकद निम्मी, डिझेल तासाला सुमारे दहा लिटर, वेग सहा-साडेसहा नॉट. सव्वासहा तास लागतात आणि बासष्ट-त्रेसष्ट लिटर जळतं. सव्वा तासाच्या बदल्यात तीसहून अधिक लिटर वाचलं, तेही फक्त जाताना. मच्छिमार सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण तो महिनोन्‌महिने अडकतो अशी किनाऱ्यावरच्या संस्थांची जुनी तक्रार आहे. न जळलेल्या डिझेलसाठी कुणाच्या परताव्याची वाट पाहावी लागत नाही.

आता इंजिनाकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे. तुलनेसाठी आधी रुळांवरचं इंजिन पाहू.

ग्वाल्हेरला जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात गेलेला प्रत्येक जण जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी पाहून येतो. माधवरावांना यंत्रांचं वेड होतं, पण ती गाडी त्याची सर्वात लहान खूण आहे. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे ही मोठी खूण. १८९९ मध्ये ती भिंडपर्यंत गेली आणि १९०९ मध्ये श्योपूरला पोचली. शंभर वर्षांहून जास्त काळ ही चिमुकली गाडी चालली आणि पुढे तिच्यावर डिझेल इंजिनंही आली. गाडीचं इंजिन ठरावीक अंतराने थांबतं, उतारावर विसावतं, स्टेशनात नुसतं गुरगुरत राहतं. ट्रकचंही तसंच. बोरघाट चढताना जीव काढतो आणि पलीकडे उतारावर दम घेतो. नौकेच्या इंजिनाला उतार नाही. जेटी सोडल्यापासून जागेवर पोचेपर्यंत ते घाटच चढत असतं. पंखा पाण्यात फिरतोय तोवर ओझं आहे, आणि फेरे जितके जास्त तितकं ओझं घनाने जास्त.

कोकण किनाऱ्यावरच्या कित्येक नौकांत मुळात ट्रकसाठी घडवलेलं इंजिन आहे. अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिनं पश्चिम किनाऱ्यावर घराघरांत माहीत आहेत. कंपन्या नौकेसाठी वेगळी बनवलेली इंजिनंही विकतात. पण जुन्या ट्रकमधून काढलेलं इंजिन दुरुस्त करून, समुद्राच्या पाण्याने थंड करण्याची सोय जोडून, मागे मरीन गियर लावून बसवण्याची प्रथाही जुनी आहे. हे करणारे मिस्त्री कुशल असतात, यात शंका नाही. अडचण त्यांच्या हाताची नसून इंजिनावर लिहिलेल्या आकड्याची आहे. ट्रकच्या पत्र्यावर लिहिलेली अश्वशक्ती म्हणजे घाट चढताना काही मिनिटं मिळणारी अश्वशक्ती. तीच सलग आठ तास मागितली की पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर हेड यांना उष्णता सोडायला वेळच मिळत नाही.

मोठे इंजिननिर्माते म्हणूनच एकाच इंजिनाला वेगवेगळे आकडे देतात. पुण्यात १९६२ पासून कारखाना असलेल्या कमिन्सच्या सागरी इंजिनांच्या वर्गवारीत हे फार स्पष्ट दिसतं. अखंड कामाचं इंजिन पूर्ण ताकदीवर कितीही वेळ चालवता येतं. मध्यम कामाचं इंजिन बारा तासांत सहा तास पूर्ण ताकदीवर चालेल, बाकीचे तास फेरे दोनशेने खाली ठेवायचे. अधूनमधून वापराचं इंजिन आठ तासांत दोन तास. सर्वात जास्त ताकद देणाऱ्या वर्गाला आठ तासांत फक्त एक तास. लोखंड तेच, सिलिंडर तेवढेच. अखंड कामासाठी कमी अश्वशक्ती आणि सहलीच्या बोटीसाठी जास्त. जाहिरातीत मोठा आकडा ठळक असतो आणि तासांची अट आतल्या पानावर. तो मोठा आकडा पाहून मासेमारीसाठी इंजिन घेणारा माणूस प्रत्यक्षात शौकिनांच्या बोटीचा वेग विकत घेत असतो.

हे वाचून कुणाला वाटेल की आपल्याकडे इंजिनांचं ज्ञानच उशिरा आलं. तसं नाही. शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड सातारा जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनवली. देशातल्या पहिल्या डिझेल इंजिनांत त्यांची गणना होते. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. शेतातल्या पंपांवर, गिरण्यांवर, उसाच्या गुऱ्हाळांवर ही इंजिनं पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्या इंजिनांची ताकद थोडी, फेरे कमी आणि वजन भरपूर असायचं. दिवसभर चालायची आणि तक्रार करायची नाहीत. अखंड काम म्हणजे काय, हे मराठी शेतकऱ्याला आणि गिरणीवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

वाफेचं इंजिन आणि डिझेल यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो समजल्याशिवाय सुरक्षित वेगाची गोष्ट कळत नाही. ‘लॉयल्टी’च्या इंजिनाला बॉयलर देईल तेवढीच वाफ मिळायची. ओझं वाढलं की जहाज मंदावायचं, संपलं. डिझेलला गव्हर्नर असतो. नौका चालवणारा तांडेल थ्रॉटलचा दांडा पुढे सरकवतो तेव्हा तो थेट इंधन वाढवत नसतो. ‘मला एवढे फेरे हवेत’ एवढंच तो सांगत असतो. ते फेरे राखायला किती डिझेल टाकायचं हे गव्हर्नर ठरवतो. समोरून वारा आला, प्रवाह उलटा झाला, तळावर शंख-शिंपल्यांचा थर साचला, जाळं पाण्यात सोडलं, की त्याच फेऱ्यांसाठी गव्हर्नर निमूटपणे जास्त डिझेल ओततो. फेऱ्यांचा काटा जागचा हलत नाही. आत मात्र हवा तेवढीच, डिझेल जास्त. नीट न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि व्हॉल्व्ह तापून लाल होण्याच्या दिशेने जातात. म्हणून ‘सतराशेवर चालवा, काही होत नाही’ असा सल्ला एका नौकेवर बरोबर आणि शेजारच्या नौकेवर घातक असू शकतो. इंजिन एकाच कंपनीचं, पण मागचा पंखा वेगळा.

ट्रॉलरवर ही गुंतागुंत सर्वात जास्त. ट्रॉल जाळं ओढताना नौका अडीच-तीन नॉटने चालते. पाणी पंख्याकडे हळू येतं, पंख्याची पाती ते जड घुसळतात, आणि मोकळ्या धावेत ज्या फेऱ्यांवर इंजिन निम्म्या ओझ्यावर असतं त्याच फेऱ्यांवर ओढताना ते जवळजवळ पूर्ण दमलेलं असतं. मोकळं धावायला शोभेल असा जास्त पिचचा, म्हणजे पाती जास्त तिरपी असलेला पंखा बसवला तर ओढताना इंजिन बुडतं. ओढायला योग्य असा पंखा बसवला तर रिकामं परतताना इंजिन सहज कमाल फेऱ्यांना भिडतं आणि वेग थोडा कमी मिळतो. ज्या नौकेचा निम्म्याहून जास्त वेळ जाळं ओढण्यात जातो, तिचा पंखा ओढण्यासाठीच असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी परतताना वाचणारी वीस मिनिटं कुणी मोजत नाही. इंजिनाचं हेड उघडायला लागणारे आठ दिवस, हंगामाच्या ऐन मध्यात, सगळं घर मोजतं.

मग आपल्या नौकेचा सुरक्षित वेग शोधायचा कसा? त्याची एक रीत आहे आणि तिला महागडं उपकरण लागत नाही.

नौका रोजच्या ओझ्यासह हवी: टाकी भरलेली, बर्फ घेतलेला, जाळी वर, माणसं वर. रिकाम्या नौकेवरची चाचणी फसवते. पाणी खोल हवं, कारण उथळ पाण्यात नौका जड होते. तळ स्वच्छ असावा. इंजिन नीट तापल्यावर थ्रॉटल पूर्ण पुढे न्यायचा आणि काही मिनिटं थांबून कमाल फेरे पाहायचे. फेऱ्यांचे काटे जुने झाले की खोटं बोलतात, म्हणून पुलीवर उजेडाने फेरे मोजणारं हातातलं यंत्र लावून एकदा ताळा करावा. इंजिनाच्या पत्र्यावर २४०० लिहिलं असेल आणि नौका भरलेली असताना ते २४०० गाठत असेल, थोडं वरही जात असेल, तर पंखा आणि इंजिन जुळले आहेत. २२५० वरच अडकत असेल तर पंखा जड आहे. मग ते इंजिन १८०० वर चालवलं तरी त्या फेऱ्यांना जेवढं ओझं असायला हवं त्याहून जास्त ओझं ते वाहतं. उपाय एकच: पंख्याचा पिच कमी करा किंवा व्यास उतरवा. गियर, नोझल, इंजेक्टर यांच्याशी झटत बसण्याआधी हे करायला हवं.

इंजिन पूर्ण फेरे गाठतंय हे पक्कं झालं की मगच रोजचा वेग ठरवायचा. कमाल फेऱ्यांच्या किमान दोनशे खाली. तासन्‌तास चालायचं असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास. २४०० च्या इंजिनाला १९००. मग पडताळा. धूर दिसतो का? इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचं तापमान वर सरकतंय का? एक्झॉस्टला तापमापक असेल तर फारच उत्तम, कारण इंजिन किती दमलंय हे तोच सर्वात आधी सांगतो. आणि सगळ्यात विश्वासू साक्षीदार म्हणजे टाकीला लावलेली काचेची नळी. एका तासात किती लिटर गेलं ते पाहा आणि त्याला पाचाने गुणा. साधारण तेवढी अश्वशक्ती इंजिन देत आहे. दहा लिटर म्हणजे पन्नास. शंभरच्या इंजिनासाठी ते निवांत ओझं आहे. सोळा-सतरा लिटर जात असतील तर काटा काहीही दाखवो, इंजिन सर्वस्व पणाला लावून चाललंय.

इतकं सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग आणखी हळू चालवलं तर आणखी बरं. तेही नाही. दिवसेंदिवस फार कमी ओझ्यावर चालवलेलं डिझेल थंड राहतं. रिंगा नीट बसत नाहीत, सिलिंडरची भिंत गुळगुळीत होते, न जळलेलं डिझेल आणि तेल काजळी बनून टर्बोत आणि एक्झॉस्टमध्ये साचतं. कूलंट ऐंशी अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. बराच वेळ मंद चालवलं असेल तर परतताना पंधरा-वीस मिनिटं चांगलं ओझं देऊन इंजिन तापवावं, म्हणजे काजळी जळून जाते.

मोठ्या जहाजांनी हा धडा गेल्या दोन दशकांत शिकला. २००६ मध्ये पाण्यात उतरलेलं मर्स्कचं ‘एमा मर्स्क’ घ्या. चौदा सिलिंडरचं इंजिन, एक लाख नऊ हजार अश्वशक्ती, मिनिटाला फक्त १०२ फेरे, वेग पंचवीस नॉटच्या आसपास. पूर्ण ताकदीवर दिवसाला तीनशे टनांहून जास्त तेल. २००७-०८ मध्ये तेल भडकलं आणि जगभर मंदी आली, तेव्हा कंटेनर जहाजं अठरा-वीस नॉटवर आली. पंचवीसचं वीस केलं की ताकद निम्मी. पण ही इंजिनं इतक्या कमी ओझ्यावर चालण्यासाठी घडवलेली नव्हती. सिलिंडरच्या भिंती थंड पडल्या की तेलातल्या गंधकाचं आम्ल होऊन भिंत खात असे. हवा फुंकणारे पंखे, वंगणाचं प्रमाण, टर्बो, सगळ्यात फेरफार करावे लागले. काही जहाजांचे पुढचे फुगीर कंदसुद्धा कापून नव्या वेगाला साजेसे बसवले गेले. १ जानेवारी २०२३ पासून जुन्या जहाजांनाही कार्बनचे आंतरराष्ट्रीय निकष लागू झाले आहेत आणि अनेक मालकांनी इंजिनाच्या ताकदीवर मर्यादा घालून घेतली आहे. न्हावा-शेव्याला लागणाऱ्या मोठ्या जहाजांना हेच निकष लागू होतात.

या मोठ्या इंजिनांच्या काट्यावर आणखी एक लाल पट्टा असतो. ठरावीक फेऱ्यांवर इंजिन आणि शाफ्ट यांची पीळ पडण्याची कंपनं एकमेकांना जुळतात आणि शाफ्ट थकून तुटू शकतो. त्या पट्ट्यातून झटकन पार व्हायचं असतं, तिथे रेंगाळायचं नसतं. लहान नौकेवर पट्टा रंगवलेला नसला तरी एखाद्या फेऱ्याला सगळी नौका थरथरते, भांडी वाजतात, हे प्रत्येक खलाशाला माहीत असतं. तो फेरा रोजचा वेग म्हणून कधीही ठेवू नये, गणित काहीही सांगो.

आणि शेवटी समुद्र. जहाजांच्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सहावा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सदैव अशा वेगाने चालावं की समोरचा धोका टाळता यावा आणि योग्य अंतरात थांबता यावं. दृश्यमानता, वाहतुकीची दाटी, वारा, लाटा, पाण्याची खोली, सगळं लक्षात घेऊन. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ असताना याच ग्वाल्हेरच्या जहाजाची १९०३ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ एका चिनी क्रूझरशी टक्कर झाली होती आणि ती क्रूझर बुडाली होती. टकरीचा हा धोका इंजिनाचं ओझं किंवा डिझेल यांच्या पलीकडचा आहे. रात्री जाळ्यांच्या बोयांमधून, धुक्यात, मोठ्या जहाजांच्या वाटा ओलांडताना इंजिनाला परवडणारा वेगही जास्त ठरतो. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असताना उलटं असतं. तिथे इंजिनात राखून ठेवलेली ताकद हाताशी लागते. रोजच निम्म्या ताकदीवर चालणाऱ्या नौकेकडेच ती शिल्लक असते. मोठ्या लाटेवर मागचा भाग उचलला गेला आणि पंखा हवेत फिरला, तर ओझं अचानक शून्य होऊन इंजिन उसळी घेतं. तिथे तांडेलाचा हात थ्रॉटलवर असायलाच हवा, गव्हर्नरवर भरवसा ठेवून चालत नाही.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारीवर बंदी असते आणि नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत तळ खरवडले जातात, रंग चढतात, इंजिनं उघडली जातात. बंदी उठल्यावर पहिल्या फेरीआधी ही पूर्ण थ्रॉटलची चाचणी अर्ध्या तासात होते. तिचे आकडे कोऱ्या पत्र्यावर रंगवून सुकाणूच्या खोलीत लावावेत: भरलेल्या नौकेवरचे कमाल फेरे, रोजचे फेरे, त्या फेऱ्यांवर तासाला लागणारं डिझेल. मालक बदलला, तांडेल बदलला, तरी पत्रा तिथेच राहील. पुढच्या हंगामात त्याच फेऱ्यांवर तीन लिटर जास्त जाऊ लागले तर तळ, पंखा किंवा इंजेक्टर यांपैकी काहीतरी बिघडलंय हे हेड फुटण्याआधी कळेल.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रांत तरुणांना सागरी डिझेल इंजिनाची देखभाल आणि नौकानयन शिकवलं जातं. या मुलांना घेऊन प्रत्येक बंदरात हंगामापूर्वी नौकांची अशी चाचणी करून देता येईल. फेरे मोजणारं यंत्र एका संस्थेला एक पुरेल. नव्या इंजिनाचं अनुदान मंजूर करताना विक्रेत्याकडून अखंड कामाची अश्वशक्ती लिहून घेण्याची अट घालावी, आणि पंखा बसवून झाल्यावर, नौका भरून, पूर्ण फेरे गाठले गेल्याची नोंद तांडेलाच्या सहीने जोडावी. त्या नोंदीची प्रत संस्थेच्या फाइलमध्ये राहिली, तर पाच-सहा हंगामांत कोणत्या नौकेला कोणता पंखा आणि किती फेरे मानवतात याची बंदरागणिक वही तयार होईल. नवी नौका बांधायला घेणारा माणूस इंजिनाची जाहिरात पाहण्याआधी ती वही पाहील.